रोजच्या भाकरीएवढा विश्वास



मराठी बायबलचे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग आहेत. येथे करार म्हणजे देवाने वचन देऊन माणसांशी जोडलेले नाते होय.

या वचनावर विसंबणे एका दिवसात साधत नाही. ते रोज थोडेथोडे शिकावे लागते.

जुन्या करारातील निर्गम या ग्रंथात याचा बोलका धडा आहे.

मिसर (इजिप्त) देशातल्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे पहाटेचे दव विरल्यावर जमिनीवर दिसणारे अन्न, मिळत असे. ते धण्यासारखे बारीक, पांढरे आणि चवीला मधाच्या पोळीसारखे होते, आणि प्रत्येकाने त्या दिवसापुरतेच वेचावे, अशी आज्ञा होती.

ज्यांनी ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले, त्यांना सकाळी त्यात किडे पडलेले आढळले.

शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचलेले अन्न टिकून राहत असे.

विश्वास म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, कारण मान्ना वेचण्यासाठी सकाळी उठावेच लागे.

कष्टाची जोड असलेला हाच विश्वास समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या कामात दिसतो: त्यांनी 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला, तेव्हा प्रार्थनेबरोबरच शेती, विहिरी आणि हाताला काम यांचीही तेथे सोय केली.

म्हणून श्रोतेहो, रात्री दिवा मालवताना आज काय मिळाले ते आठवावे, आणि उद्याचा भार देवावर सोपवावा.

वचनावरचा विश्वास रोज थोडाथोडाच शिकता येतो.