संगणकाला कुलूप लागलं तेव्हा

आमच्या ग्रामसंघाच्या संगणकावर फेब्रुवारीत जे झालं, ते आज सांगायचं आहे. आधी आम्ही ते कुणाला सांगत नव्हतो, लाज वाटत होती. मग कळलं की शेजारच्या गावच्या गटाकडेही तसंच घडलंय आणि त्याही बाया गप्पच बसल्यात. तेव्हा ठरवलं, आता रेडिओवरच सांगू.

झालं असं, की पापड-शेवयांच्या पाकिटांसाठी लेबलं करायची होती. फोटोचं महागडं सॉफ्टवेअर घेणं परवडत नव्हतं. एकीच्या पुतण्यानं नेटवरून त्याची फुकटची, म्हणजे क्रॅक केलेली प्रत उतरवून घेतली. ती बसवताना सूचना आली, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं केला. आम्ही शेजारीच बसलो होतो आणि आम्हीही हो म्हटलं, म्हणून दोष एकट्या पोराचा नाही. थोड्या वेळानं विंडोज अपडेट होत असल्याची खिडकी आली. आम्ही चहाला उठलो. ती खिडकी खोटी होती. तिच्याआड आमच्या फाइलींना एकेक करून कुलूप लागत होतं.

परत येऊन बघतो तर कर्जाची यादी उघडेना. बचतीचं रजिस्टर उघडेना. प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अक्षरांचं एक परकं शेपूट लागलेलं. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची इंग्रजी चिठ्ठी. फाइली परत हव्यात तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत दिलेत तर निम्मे, ४९०. म्हणजे सूट देऊनही चाळीस हजारांच्या आसपास. खंडणीवालासुद्धा सेल लावतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. आमच्याकडे आलं ते 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाच्या कुळातलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा घरच्या आणि लहान संगणकांवरच हे कूळ जास्त येतं, आणि बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधूनच येतं.

पण संगणक बिघडला की सगळंच रॅन्समवेअर नसतं, हेही सांगू. पेन ड्राइव्हमधल्या फाइली गायब होऊन नुसते शॉर्टकट दिसतात, तो वेगळा व्हायरस. त्यात फाइली बहुतेकदा लपवलेल्या असतात, परत मिळतात. कधी स्क्रीनभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि 'या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. ती नुसती भीती घालणारी वेबसाइट असते. ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबून ब्राउझर बंद करा आणि त्या नंबरवर मुळीच फोन करू नका. फाइलींची नावं बदललीत, त्या उघडत नाहीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मात्र समजायचं.

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट बरोबर केली. हॉटस्पॉट लगेच तोडला, पेन ड्राइव्ह काढला. नावं बदलण्याचं काम चालूच दिसलं, म्हणून बटण दाबून धरून संगणक सरळ बंद केला. त्यामुळे काही फोल्डर वाचले. मग मोबाइलवर स्क्रीनचा आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला.

दुसरी गोष्ट चुकणारच होती. तालुक्याला एका दुकानात संगणक नेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारतो ताई, एका तासात नवा करून देतो." सगळं पुसलं गेलं असतं. नशीब, आमची लेखापाल ताई हट्टाला पेटली, म्हणाली आधी विचारू, मग पुसू. कुलूप लागलेल्या फाइली आणि ती चिठ्ठी पुसायची नाही, कारण उद्या किल्ली सापडली तर लावायची कशाला?

व्हायरस काढणं त्यामानानं सोपं निघालं. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स', त्यात डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. त्यानंतर फुल स्कॅनही केलं. हे आधी का करायचं, तर हा व्हायरस थोड्याथोड्या वेळानं आपोआप पुन्हा चालू व्हायची सोय करून ठेवतो. तो आत असताना तुम्ही बॅकअपची डिस्क जोडलीत तर तीही गेली. सुरक्षेच्या वेबसाइट उघडू नयेत अशीही तजवीज तो करतो, म्हणून माहिती शोधायची ती दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर.

पण मैत्रिणींनो, चोर घराबाहेर काढला तरी त्यानं घातलेलं कुलूप तसंच राहतं. स्कॅन झाल्यावर आम्ही आनंदानं कर्जाची यादी उघडायला गेलो, तर ती होती तशीच बंद.

किल्लीसाठी 'नो मोअर रॅन्सम' नावाची वेबसाइट आहे. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली, पैसे लागत नाहीत. तिथे बंद पडलेल्या एखाददोन फाइली आणि चिठ्ठी दाखवली की कुठलं कूळ ते कळतं, उपाय असेल तर तोही मिळतो. तिथे हिशेबाची फाइल न देता एखादा साधा फोटो द्या. डीजेव्हीयूच्या जुन्या १४८ प्रकारांसाठी एम्सिसॉफ्ट कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये फुकट साधन काढलं. नव्या प्रकारांत नशिबाचा भाग आहे. कुलूप लावताना संगणक नेटला जोडलेला नसेल तर सगळ्यांना सारखीच किल्ली लागते आणि ती कधी ना कधी सापडू शकते. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी १' असेल तर ही आशा. नेट चालू असेल तर प्रत्येक संगणकाची किल्ली वेगळी. आमचं नेट चालू होतं.

मध्येच एकाचा फोन आला, दहा हजारांत सगळं उघडून देतो म्हणून. आम्ही दिले नाहीत. खंडणीही दिली नाही. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नसतं, आणि ते पैसे गटाच्या बायांच्या बचतीचे होते. तक्रार मात्र केली, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर. पैसे गेलेच असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा. या व्हायरसबरोबर पासवर्ड चोरणारा दुसराही येतो, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आम्ही दुसऱ्या मोबाइलवरून बदलले.

हिशेब परत उभा केला तो पासबुकं आणि कच्च्या वह्यांवरून. मार्चअखेर जवळ आलेली. रोज रात्री स्वयंपाक आटोपून चार-पाच जणी बसायच्या, एक वाचायची, एक टाइप करायची. वह्या बंद करून सगळं संगणकावरच ठेवू असं आमच्यातल्या तरुण मुली म्हणत होत्या, त्याला एका काकूंनी ठाम नकार दिला होता. त्या काकूंना आता सभेत पहिला चहा मिळतो.

पण खरा जीव अडकला होता तो ओव्यांत. गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही याच रेडिओसाठी रेकॉर्ड केल्या होत्या. आजी आता नाहीत. त्या फाइलींनाही शेपूट लागलेलं. मग रेडिओ केंद्रातल्या भाऊंनी सांगितलं, हा व्हायरस घाईत असतो, मोठ्या फाइलीचा फक्त सुरुवातीचा सुमारे दीडशे केबीचा तुकडा बंद करतो, पुढचं तसंच राहतं. त्यांनी मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवर दुरुस्ती केली. पहिले काही क्षण गेले. त्यानंतर जात्याची घरघर आली आणि मग आजींचा आवाज.

आता आमच्याकडे दोन डिस्क आहेत. शुक्रवारी एक जोडायची, प्रत घ्यायची आणि लगेच काढायची, पुढच्या शुक्रवारी दुसरी. संगणकाला जोडून ठेवलेली एकही नाही. एक अध्यक्ष ताईंच्या कपाटात असते, दुसरी लेखापाल ताईंच्या घरी. लेबलं आम्ही आता फुकटच्या, पण रीतसर फुकट असलेल्या जिंपवर करतो. शेवयांचं लेबल अजून थोडं वाकडं येतं.