पंपाकडे पाठ फिरविल्यानें भाव उतरेल काय?

(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत झालेलें भाषण)



सभेला येतांना वाटेंत एका तरुण पोरानें आम्हांस थांबविलें आणि आपला मोबाइल आमच्यापुढें धरला. त्यावर कोणीं तरी पाठविलेला निरोप होता. अमुक तारखेस सर्वांनीं एक दिवस पेट्रोल-डिझेल घेऊं नये, म्हणजे कंपन्यांचे डोळे उघडतील आणि भाव आपोआप खालीं येईल. पोरानें विचारलें, "दादा, हें खरें का?" आम्हीं त्यास म्हटलें, सभेला ये, तेथेंच बोलूं. तो समोर बसला आहे. तेव्हां त्याचा प्रश्न टाळून आम्हांस पुढें जातां येणार नाहीं.

बहिष्काराचें हत्यार आमच्या लोकांना शहरांतल्या कोणीं येऊन शिकवावें असें मुळींच नाहीं. आयर्लंडांतील एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या नांवावरून 'बॉयकॉट' हा शब्द निघाला, ती गोष्ट १८८० सालची. त्याच्या सहा वर्षें आधीं, १८७४ च्या डिसेंबरांत, पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत करडें गांवच्या कुणब्यांनीं तेंच करून दाखविलें होतें. दीडशें रुपयांच्या कर्जापायीं सावकारानें एका देशमुखावर हुकूमनामा आणला आणि त्याचें घर पाडलें. गांव खवळलें. सावकाराच्या दुकानांतून कोणी मिठाचा खडा घेईना, त्याच्या शेतांत कोणी पाऊल टाकीना. न्हाव्यानें वस्तरा मिटला, परटानें कपडे परत पाठविले. हें लोण पुणें, नगर, सोलापूर, सातारा असें पसरलें. पुढें १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याला व इतर गांवीं दंगे होऊन कर्जरोखे जाळले गेले, आणि १८७९ सालीं सरकारास शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा करावा लागला. त्या कायद्यानें सारें भलें झालें असें नाहीं. पण सावकाराचा हिशेब तपासण्याची सोय झाली, ती या कुणब्यांमुळें.

आतां तो बहिष्कार कां लागू पडला, याचा विचार करा. सावकाराचें दुकान गांवांतच होतें. त्याचें गिऱ्हाईक म्हणजे तेंच गांव. न्हाव्याला किंवा परटाला दुसरा यजमान होता, सावकाराला दुसरा न्हावी नव्हता. आणि वाढलेली दाढी कांहीं तिजोरींत लपवितां येत नाहीं! ज्यानें अन्याय केला त्याच्याच अंगाला चटका बसत होता, आणि एक दिवस नव्हे, तर रोज बसत होता.

पंपावर यांतलें काय आहे? सोमवारीं तुम्हीं तेल घेतलें नाहीं, तर रविवारीं टांकी भरून ठेवाल नाहीं तर मंगळवारीं भराल. गाडी तितकीच चालणार, पंप तितकाच ओढणार. पंपवाल्याच्या जमिनीखालच्या टांकींतलें तेल नासत नाहीं. दूध असतें तर गोष्ट निराळी होती. अमेरिकेंत १९९९ च्या एप्रिलाच्या ३० तारखेस लोकांनीं एक दिवस पेट्रोल न घेण्याची अशीच हांक एकमेकांना दिली होती. पुढेंही तशा हांका अनेक वेळां फिरल्या. भाव त्यांच्यामुळें उतरून खालीं राहिला असें कधीं झालें नाहीं. लांब कशाला जातां, आपल्याकडे ३१ मे २०२२ रोजीं अनेक राज्यांतील पंपवाल्यांनींच कमिशन वाढवून मिळावें म्हणून एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाहीं. त्यांचें कमिशन वाढलें तें २०२४ च्या ऑक्टोबरांत. खुद्द दुकानदाराच्या एका दिवसाला कंपनी भीत नाहीं, ती गिऱ्हाइकाच्या एका दिवसाला काय भिणार?

कोणी म्हणतो, सर्व कंपन्यांवर नको, एकाच कंपनीवर घाला. ही युक्तीही परदेशांतून आलेली आहे, जेथें निरनिराळे शेट एकमेकांशीं झगडतात. आपल्याकडील बहुतेक पंप इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिघींचे. पाट्या तीन, मालकी अखेर सरकारची, आणि मालही त्या एकमेकींच्या डेपोंतून उचलतात. उजव्या खिशांतला रुपया डाव्या खिशांत गेला म्हणून धनी रडत नाहीं.

शिवाय एक दिवस तेल सोडणें कोणाला परवडतें, तेंही बघा. ज्याचा पगार पहिल्या तारखेला बँकेंत पडतो, तो साहेब एक दिवस मोटार घरीं ठेवून देशसेवेचें पुण्य पदरांत पाडून घेईल. मृग बरसून वाफसा आला असतां आमच्या माणसानें ट्रॅक्टर उभा करावा काय? कुंभाराची मातीची ट्रॉली, विणकराच्या सुताचें गांठोडें, सुताराचें लांकूड, माळणीची भाजीची पाटी, हें सारें डिझेलवर येतें. आमच्या घरांत तेल नुसतें टांकींतून येत नाहीं, तें तिखटामिठांतून येतें. तेव्हां उपास करायचा तो आमच्या पोटानें, आणि निरोप पाठवायचा तो त्यांच्या मोबाइलनें, असा हा मामला आहे.

पण समजा, एक दिवस नव्हे, महिनाभर बहिष्कार टाकला. एका गांवानें नव्हे, सगळ्या देशानें टाकला. मग तरी भाव उतरेल ना? बंधूंनो, हा प्रयोग होऊन गेला आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली. एप्रिल महिन्यांत देशांतील पेट्रोल व डिझेल या दोहोंचा खप निम्म्याहून अधिक घटला. जगांतही तेलाचा खप घटला. इतका मोठा बहिष्कार कोणत्याही पुढाऱ्याच्या हांकेनें कधीं घडला नसता! त्याचा परिणामही झाला. २० एप्रिल रोजीं अमेरिकेंत खनिज तेलाच्या एका सौद्याचा भाव शून्याच्या खालीं गेला. ठेवायला जागा नाहीं म्हणून विकणाराच घेणाराला पैसे देऊं लागला. आपला देश जें तेल विकत घेतो, त्याचा सरासरी भाव त्या महिन्यांत पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आला. जानेवारींत तो साठाच्या वर होता.

आणि आमच्या पंपावर काय झालें? मार्चांत केंद्र सरकारनें लिटरमागें ३ रुपये कर वाढविला. मे महिन्याच्या आरंभीं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये आणखी वाढविला. जगांत भाव पडला, तो आमच्यापर्यंत पोंचण्याच्या आधींच वाटेंत झेलला गेला. मग ७ जूनपासून जवळजवळ तीन आठवडे पंपावरचा भाव रोज चढत होता. सगळ्या मुलखानें तेल न जाळतां घरीं बसून दाखविलें, आणि भाव वर गेला. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें ही म्हण आमच्या आयाबायांनीं जात्यावर बसून केली असेल, पण ती इतकी तंतोतंत लागू पडलेली आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं.

तेव्हां भाव कोठें बनतो हें पाहिलें पाहिजे. २०१४ च्या एप्रिलांत केंद्राचा कर पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे होता. २०२१ च्या ऑक्टोबरांत तोच पेट्रोलवर ३२ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर ३१ रुपये ८० पैसे होता. म्हणजे त्या सुमारास ज्यानें शंभर लिटर डिझेल जाळून रान तयार केलें, त्यानें पेरणीच्या आधींच ३१८० रुपये दिल्लीला भरले. त्यावर राज्याचा कर निराळा. ज्याच्यावर आपण रागावतो त्या पंपवाल्याच्या हातीं लिटरमागें चार रुपयेसुद्धां पडत नव्हते. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

यांतली मौज पुढें आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत डिझेलच्या करांत लिटरमागें ४ रुपयांचा एक भाग वेगळा काढला. त्याचें नांव शेतीच्या पायाभूत सोयींचा उपकर. शेतकऱ्याच्या डिझेलवर शेतकऱ्याच्या नांवानें कर! आमच्या राज्यानेंही २०१५ च्या ऑक्टोबरापासून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये दुष्काळाच्या नांवानें बसविले. दुष्काळ ज्याच्या शिवारांत पडला, त्याच्याच टँकरच्या आणि पंपाच्या डिझेलांतून दुष्काळनिधि जमूं लागला. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत शेतसाऱ्यावर चढविलेल्या लोकल फंडाबद्दल ते चिडून बोलले आहेत. फंडाचें नांव बदललें, देणारा तोच राहिला.

सरकारला पैसा लागतो, हें आम्हांस कळतें. रस्ता, दवाखाना, शाळा फुकट होत नाहीं. आमचें भांडण कर घेण्याशीं नाहीं, कोणाकडून घेतां याच्याशीं आहे. २०१९ च्या सप्टेंबरांत मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला, आणि पुढच्याच वर्षीं डिझेलवर १६ रुपये वाढविले. नफा झाला तर कर, ही रीत त्यांना. पीक बुडालें तरी कर, ही रीत आम्हांला. कारण डिझेलचा कर आणेवारी पाहत नाहीं.

आतां हा कर कमी कधीं झाला तें ऐका. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर ठिकठिकाणीं पोटनिवडणुका झाल्या. २ नोव्हेंबरास निकाल लागले. हिमाचलांत सत्ताधारी पक्ष चारही जागा हरला, आणि तेथल्या मुख्यमंत्र्यांनीं महागाईकडे बोट दाखविलें. ३ नोव्हेंबरास केंद्रानें पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले. दिवाळीची भेट असें तिला म्हटलें गेलें. कोणी योगायोग म्हणेल, म्हणो बापडा. २०२२ च्या मे महिन्यांत, जगांत युद्धामुळें तेल भडकलेलें असतांना, आणखी ८ आणि ६ रुपये उतरले, आणि जुलैंत आपल्या राज्यानें ५ व ३ उतरविले. म्हणजे तेल महाग असतांनाही भाव उतरवितां येतो, आणि स्वस्त असतांनाही चढवितां येतो. तोटी कोणाच्या हातांत आहे, हें यावरून त्या पोरानें ओळखावें.

मग करायचें काय? आमच्या कोंकण किनाऱ्याच्या कोळी बांधवांकडे पाहा. यांत्रिक होडीला लागणाऱ्या डिझेलवरील राज्याचा विक्रीकर त्यांना त्यांच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांमार्फत परत मिळतो. तो वेळेवर मिळत नाहीं अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. पण हक्क तर पदरांत पाडून घेतला! तो त्यांनीं समुद्रावर जाणें एक दिवस बंद ठेवून मिळविला नाहीं. सोसायटींत होडीगणिक लिटरांचा हिशेब होता, म्हणून मागतां आला. पलीकडे बिहारांत, पाऊस ओढ देतो त्या वर्षीं, शेतीपंपाच्या डिझेलला सरकारनें अनुदान दिलेलें आहे. होडीचें डिझेल आणि नांगराचें डिझेल यांत फरक कोणता? दोन्हींनीं माणसाचें ताट भरतें.

आमच्याकडे मागणी करणारे पुष्कळ, हिशेब दाखविणारा एकही नाहीं. आमदार विचारतो, तुमच्या गांवांत शेतीला किती डिझेल लागतें? आम्हीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतों. राज्याचा अर्थसंकल्प बहुधा मार्चांत मांडला जातो. त्याच्या आधीं, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, प्रत्येक गांवानें लिटरांची गणती करून ग्रामसभेचा ठराव आमदाराच्या हातीं द्यावा आणि त्याची पोंच घ्यावी. ज्याचा ट्रॅक्टर भाड्याचा, त्यानेंही आपलें भाडें लिहावें, कारण कर त्या भाड्यांतही आहे. मागणी एकच ठेवा: शेतीच्या आणि गांवच्या कारागिरांच्या डिझेलवरील राज्याचा कर सोसायटीमार्फत परत मिळावा. सतरा मागण्या एका कागदावर आल्या म्हणजे साहेब त्यांतली सर्वांत सोपी निवडतो.

एक दिवस तेल न घेण्याची कोणाला हौस असेल तर त्यानें खुशाल न घ्यावें. दोघां शेजाऱ्यांनीं एका खेपेंत बाजार केला तर दोघांचे पैसेही वांचतील. त्याला आम्हीं काटकसर म्हणूं. बहिष्कार हें नांव करडें गांवच्या लोकांनीं जें केलें त्याला राहूं द्या.

अध्यक्षांच्या टेबलावर एक कोरी वही ठेविली आहे. पहिल्या पानावर नांव, रान किती, आणि या हंगामांत डिझेल किती, एवढींच तीन घरें आंखलीं आहेत. सभा संपल्यावर तो मोबाइलवाला पोरच लिहून घेईल, आम्हीं त्याला तसें सांगितलें आहे. ज्यांच्याजवळ पावत्या नाहींत त्यांनीं आज अंदाजानें सांगावें, आणि उद्यांपासून पंपावर पावती मागून घ्यावी. मागितली म्हणजे देतात.