विरजणाची वाटी

आज आपण विरजणावर बोलणार आहोत. विरजण काय शिकवायचं, आईकडून सासरी येतानाच ते येतं, असं तुम्ही म्हणाल. घरच्या तांब्याभर दुधासाठी ते पुरतंही. पण बचत गट चक्का विकायला लागला, पातेल्यात एकदम वीस लिटर दूध आलं, की अंदाजावर भागत नाही. पाडव्याची ऑर्डर घेतलेली असते, दुधाचे पैसे गुंतलेले असतात आणि रात्री झाकण ठेवताना जीव खालीवर होतो.

आधी विरजणात असतं काय ते बघू. चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दुधातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणानं दूध घट्ट धरतं. म्हणजे विरजण हे जितराबच आहे म्हणा ना. त्याला खायला लागतं, ऊब लागते, स्वच्छ जागा लागते. कढत दुधात घातलं तर मरतं, गार दुधात घातलं तर झोपून राहतं.

दूध एकदा वर आलं की लगेच उतरवू नका. मंद आचेवर ढवळत आणखी पाच-दहा मिनिटं उकळू द्या. दही त्यानंच घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं. आमच्या भागात म्हशी थोड्या आणि जर्सी गाई जास्त, त्यामुळे हे उकळणं आम्हाला टाळताच येत नाही. मग दूध कोमट होऊ द्यायचं. थंडीत अंगाच्या उबेपेक्षा किंचित गरम, उन्हाळ्यात त्याहून गार. गटानं एक थर्मामीटर घ्यावा असं आमचं मत आहे. थंडीत चाळीस अंश, उन्हाळ्यात तीसच्या आसपास, एवढं लक्षात ठेवलं की बोट बुडवून भांडत बसायला नको. लिटरला एक चमचा विरजण, थंडीत दोन. वीस लिटरला दोनशे ते चारशे ग्रॅम. जास्त घातलं म्हणजे दही चांगलं लागतं हा गैरसमज आहे. ते भराभर आंबतं आणि पाणी सोडतं, आणि आंबट चक्क्यात साखर किती ओतली तरी श्रीखंडाला ती चव येत नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं. थंडीत रात्रभर, गोधडीत गुंडाळून किंवा ज्वारीच्या कणगीत ठेवून. लागल्यावर हलवायचं नाही, थेट गार जागी.

आता जे बोलायला आम्ही आज खास आलो आहोत ते. दही लागलं नाही की गावात पहिला प्रश्न काय असतो? ‘कुणाचा हात लागला?’ आमच्याच एका गटात असं झालं. पाडवा चार दिवसांवर, वीस लिटर दूध विरजलेलं, आणि सकाळी पातेल्यात दूध जसंच्या तसं. सगळ्यांच्या नजरा एका सुनेकडे वळल्या. तिची पाळी होती आणि विरजण तिनं लावलं होतं. ती बिचारी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. सासूच्या वयाच्या बायका बोलत होत्या, तिला उलट बोलता येईना.

पण त्याच गटातल्या एका काकींनी त्याच वाटीतलं चमचाभर विरजण आदल्या रात्री घरी नेलं होतं. त्यांच्या घरच्या दुधाला दही सुरेख लागलं होतं. विरजण एकच आणि लावणारा हातही एकच, कारण काकींच्या तपेलीत विरजण त्या सुनेनंच घालून दिलं होतं. मग फरक कशात? दुधात. पातेल्यात पाच घरचं दूध एकत्र झालं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणींचं दूध वेगवेगळ्या वाट्यांत उकळून, कोमट करून विरजलं. चार वाट्या लागल्या, एक नाही लागली. त्या घरच्या गाईला काससुजी झाली होती, आपण दगडी म्हणतो ती, आणि कासेत औषधाची ट्यूब सोडलेली होती. ते औषध जंतू मारायचं. दुधात उतरलं की ते आपल्या विरजणालाही मारतं. उकळून ते जात नाही. एका गाईचं दूध मिसळलं तरी सगळं पातेलं अडू शकतं.

डॉक्टरांनी ‘इतके दिवस दूध घालू नका’ असं त्या ताईंना सांगितलं होतं. पण त्यांच्या घरी तेवढी एकच गाय. चार-पाच दिवसांचं दूध खड्ड्यात ओतायचं म्हणजे आठवड्याचा बाजार गेला. हे ऐकल्यावर गटात कुणी फार बोललं नाही, कारण वेळ कुणावरही येते. गटानं ठरवलं की औषध चालू असलेली गाय आधी सांगायची आणि सांगणारीला त्या दिवसांचे निम्मे पैसे गटाच्या निधीतून द्यायचे. लपवावंसं वाटू नये हा हेतू. तुमच्या गटात निधी कमी असेल तर वेगळं काही ठरवा, पण ठरवा जरूर. असं दूध डेअरीलाही घालायचं नाही, ते औषध पिणाऱ्याच्या पोटात जातं. एकाच सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला. किती दिवस, ते औषधागणिक बदलतं, डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

त्या सुनेला मात्र ‘आमचं चुकलं’ म्हणायला बायकांना दोन दिवस लागले. हात स्वच्छ धुतलेले हवेत, मग ते कुणाचेही असोत. पाळीनं दही बिघडत नाही.

दूध चांगलं असूनही दही बिघडतं तेव्हा विरजण थकलेलं असतं. तार येते, बुडबुडे दिसतात, ताडीसारखा वास येतो. अशा विरजणाचा मोह सोडून द्यावा. मोठ्या पातेल्यांत तेच तेच विरजण महिनोन् महिने चालवलं तर त्या जिवाणूंनाही रोग लागतो, विषाणूंचा. तेव्हा भांडी उकळून विरजण बदलायचं. दूध संघ आणि कारखाने पावडरचं विरजण वापरतात, ते फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे, तिथं दुधातल्या अशा जिवाणूंचा संग्रहच जपलेला आहे. पावडरनं रोज एकसारखं दही लागतं हे खरं, पण वीज जाणाऱ्या गावात आधी फ्रीझरचा विचार करा. हिरव्या मिरचीच्या देठानंही दूध लागतं, आजी करायच्या. घरी चालेल, विक्रीला नको, कारण देठावर काय काय असतं ते आपल्याला दिसत नाही.

चीजबद्दल बऱ्याच जणी विचारतात. पनीरला विरजण लागत नाही, ते गरम दूध लिंबानं किंवा सायट्रिक ॲसिडनं फाडून होतं. चीजला विरजण लागतं आणि शिवाय रेनेट, आणि खूप उकळलेलं दूध रेनेटनं नीट धरत नाही. मुरवायला थंड खोली हवी. आमचा सल्ला, आधी चक्क्यात हात बसू द्या. चक्का टांगल्यावर खाली निथळणारं पाणी फेकू नका. कढीत, भाकरीच्या पिठात चालतं.

विरजणाची वाटी मात्र वेगळी ठेवा. दही लागलं की कुणाचाही चमचा बुडायच्या आधी, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन चमचे काढायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे, दर दोन-तीन दिवसांनी नव्या दुधात ताजं करायचं. बर्फाच्या ट्रेमध्येही थोडं गोठवून ठेवा, अडीअडचणीला असू द्या. दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणतात, पण शेजारच्या गटाला जरूर द्या. आपलं कधी बिघडलं तर तिथून परत आणता येतं. आणि पाडवा, दसरा जवळ आला की आठ दिवस आधीपासून वाटी रोज ताजी करा, आणि मोठं पातेलं विरजण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीचं दूध वाटीत लावून बघा.