तळं खोदण्याआधी झाडं मोजा
(चौक इथं वाडीवाडीच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं बोलणं)



आपल्याकडं शंभर इंचांवर पाऊस पडतो, तरी होळी झाली की बाया हंडे घेऊन वहाळात झिरे उकरत बसतात. मोरब्याचं धरण उशाशी, पाणी नवी मुंबईला. तेव्हा वाडीला तळं पाहिजे, यात दोन मतं नाहीत. पण जागा वनखात्याच्या हद्दीत आहे आणि तिथं झाडं उभी आहेत. आज बोलायचं ते झाडांचं.

2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3(2) प्रमाणे सरकारी तळ्यासाठी वनजमीन मिळू शकते. जागा एक हेक्टरच्या आत, म्हणजे अडीच एकराच्या आत; हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत; आणि शिफारस ग्रामसभेची. अर्धा हेक्टर असेल तर 37 झाडं, 75 नाही! हा हिशेब सगळे विसरतात, ठेकेदार तर मुद्दाम.

काही जण म्हणतात, जंगल आपलंच, मोजायचं कशाला? अहो, जास्तीची खोडं सापडतात तोवर ठेकेदार जेसीबी घेऊन गेलेला असतो, आणि पंचनामा आपल्या नावावर होतो. म्हणून ठरावाआधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जागा फिरा. ऐन, किंजळ, मोह, उंबर वेगवेगळे लिहा. कुठल्या ऐनाचा टहाळ कोणाच्या राबाला जातो, तेही लिहा. मोह वाचवायला बांध दहा हात सरकला तर सरकू दे. करवंदीच्या जाळीची विरळ जागा मिळाली तर तीच धरा. डीएफओची लेखी परवानगी हातात येईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

तोडायचं तिथं मात्र अर्धवट तोडू नका. बांधाच्या पायात बुंधे, मुळं राहिली की कुजतात, पोकळी पडते, पाणी तिथूनच पळतं. मुळं खणून काढा, पालापाचोळ्याची वरची माती खरवडून टाका. तळ्याच्या वरच्या अंगाची झाडं ठेवा, नाहीतर गाळ सरळ तळ्यात.

एक राहिलं. दिवाळीनंतर कातकरी घरं वीटभट्टीवर जातात. तेव्हा ग्रामसभा लावली तर ठराव भलतेच लोक करतील, आणि आपण परत येऊन बघतो तर मोह आडवा. सभा भट्टीला जायच्या आधी लावून घ्या. बायांना तारीख आधी सांगा, पाणी त्याच भरतात. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आपल्याजवळ ठेवा. झाडांची यादी पुढच्या बैठकीला आणा.