यंत्राचा आकडा आणि माणसाची अब्रू

(जाफराबाद येथे गावोगावचे ग्रामीण डाकसेवक, रास्त धान्य दुकानदार आणि बँकांचे गावातील प्रतिनिधी यांच्यापुढे केलेले भाषण.)



आपणांपैकी बहुतेकांच्या हाती आज एक यंत्र आहे. पूर्वी रोजकीर्द असे. तिच्यात नोंद आपण करीत असू आणि बेरीजही आपणच मारीत असू. चूक झाली तर ती आपल्याच अक्षरात सापडे. आता नोंद आपले बोट करते, बेरीज मात्र दूर कोठे तरी होते. सायंकाळी यंत्र एक आकडा दाखविते, आणि पेटीतील रोकड त्याच्याशी जुळली नाही, तर जाब यंत्राला कोणी विचारीत नाही. तो आपणांस विचारला जातो. अशा वेळी कायदा काय म्हणतो आणि आपण काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या कायद्याचा एक मोठा निर्णय आपल्याच जिल्ह्यातील वादातून झाला आहे. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघातून श्री. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. श्री. कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीस आव्हान दिले. उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, हा त्यांचा आक्षेप. आणि त्यासाठी निवडणूक कचेरीतील चित्रफिती पुराव्यात आल्या. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात ठरवून दिले की, मूळ यंत्र न्यायालयापुढे आणलेले नसेल, तर त्यातील नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र असलेच पाहिजे. ज्याने ते मिळविण्याची सर्व खटपट केली, परंतु अधिकाऱ्यांनी दिलेच नाही, त्याला तेवढी सूट मिळते.

हा वाद आमदारकीचा होता. तथापि त्या निर्णयाची गरज आमदारापेक्षा डाकसेवकाला अधिक आहे. प्रमाणपत्राची अट ही कोरी कागदी औपचारिकता आहे, असे वकिलांनाही वाटते. ही अट ज्या देशाने काढून टाकली, तेथे काय घडले ते पाहा.

इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यात कलम ६९ होते. संगणकाची नोंद आरोपीविरुद्ध वापरावयाची असेल, तर संगणक नीट चालत होता हे फिर्यादी पक्षाने दाखविले पाहिजे, असे ते कलम सांगत होते. १९९९ च्या कायद्याने ते रद्द झाले, आणि यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरले जाऊ लागले. नेमक्या त्याच सुमारास ब्रिटिश टपालखात्याने फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली आपल्या शाखांत बसविण्यास आरंभ केला.

त्या शाखा चालविणारे बहुतेक लोक तुमच्या-आमच्यासारखे, लहान दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालाची खिडकी मांडून बसलेले. त्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. दक्षिण वॉर्नबरो या खेड्यातील जो हॅमिल्टन यांनी मदतकेंद्रास दूरध्वनी केला. सांगितले तसे त्या करीत गेल्या आणि डोळ्यांदेखत दोन हजार पौंडांची तूट चार हजारांची झाली. डॅल्मेलिंग्टन येथे पडदा गोठला म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली, तेव्हा आठ हजार पौंडांची एकच रक्कम चार वेळा नोंदली जाऊन चोवीस हजारांचा फरक उभा राहिला. एकही नाणे जागचे हलले नव्हते! तरी तक्रार करणाऱ्यास उत्तर मिळे की, अशी अडचण फक्त तुम्हालाच येते. शाखेच्या हिशेबात कंपनीचे लोक दुरून फेरफार करू शकतात, हेही वर्षानुवर्षे नाकारले गेले.

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द टपालखात्याने चालविले होते. म्हणजे ज्याचे पैसे गेले म्हणावयाचे, तोच तपास करणारा आणि तोच फिर्यादी! भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्यावर सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. प्रणालीची कागदपत्रे त्यांच्या वकिलाने पुन्हा पुन्हा मागितली. ती पुरती मिळाली नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये, मुलाच्या दहाव्या वाढदिवशी, त्या गरोदर असताना तुरुंगात गेल्या. तपासनीसांच्या एका कागदात संशयितांचे वंशावरून प्रकार पाडून ‘निग्रॉइड’ यांसारखे शब्द योजले होते, हे २०२३ साली उघड झाले. जन्मावरून माणसाची प्रतवारी लावणे म्हणजे काय, हे या सभेस समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्य कसे बाहेर आले? ॲलन बेट्स या माणसाने २००९ पासून पीडितांची संघटना बांधली. ५५५ जण एकत्र येऊन दिवाणी न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष होती असा निष्कर्ष दिला. २३ एप्रिल २०२१ रोजी ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, त्यांत सीमा मिश्राही होत्या. आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसाव्या लागल्या. परंतु चौकशी आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार किमान तेरा माणसांनी या छळापायी आत्महत्या केली असावी. त्यांना कोणता कायदा परत आणणार?

आता आपल्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून ६५-ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. यंत्र नीट चालत होते, किंवा बिघाड असला तरी नोंदीवर त्याचा परिणाम झाला नाही, ही अट त्यात कायम आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रमाणपत्राने पुराव्यासाठी न्यायालयाचे दार उघडते. आत आलेला साक्षीदार खरेच बोलतो, असे त्याने सिद्ध होत नाही. त्याची उलटतपासणी करावीच लागते.

दुसरीकडे, लोकसेवकाकडून होणाऱ्या फौजदारी विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. रक्कम सोपविली होती हे सिद्ध झाले, की हिशेब देण्याचा भार आरोपीवर येतो. परंतु किती रक्कम सोपविली, हेच जर केवळ यंत्र सांगत असेल, तर आधी यंत्राची परीक्षा झाली पाहिजे. सारा बचाव या एका वाक्यात आहे.

यास्तव माझे सांगणे असे. तूट दिसताच त्याच दिवशी लेखी कळवा, वेळ लिहा, पडद्याचे छायाचित्र घ्या आणि अर्जाची पोच घ्या. ताळेबंद जुळल्याचे खोटे दाखवून सही करू नका. तुटीच्या भीतीने जो हॅमिल्टन यांनी तेच केले आणि खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करण्याची पाळी त्यांच्यावर आली. पदरचे पैसे भरणे भागच पडले, तर ‘चूक मान्य नाही’ असे लिहून भरा. खात्याच्या चौकशीत यंत्रातील मूळ नोंदी आणि बिघाडाच्या तक्रारी मागा. टपालखात्याचे हे गावातील सेवक नागरी पद धारण करतात, आणि म्हणून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून त्यांना काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले आहे. खटला उभा राहिल्यास प्रत पुराव्यात दाखल होते त्याच वेळी वकिलाने प्रमाणपत्राची हरकत घ्यावी. ती अपिलात प्रथमच घेता येत नाही, असा २०१७ चा निर्णय आहे. वकिलास पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि स्त्रिया यांना, मिळकत न पाहता, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आणि शेवटची गोष्ट. ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ हे उत्तर ऐकले, की शेजारच्या गावच्या सेवकाला त्याच दिवशी विचारा. इंग्लंडमधील निरपराध माणसे एकेकटी होती तोवर चोर ठरली. एकत्र आली तेव्हा यंत्र खोटे ठरले. यंत्राला लाज नाही आणि त्याची अब्रू जात नाही. आपली जाते. म्हणून जो प्रश्न आपणांस विचारला जातो, तो आधी यंत्राला विचारा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.