हातातील कसब आणि हातातील दाखला

(वाई येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मुलांनी शिकावे, याविषयी आता आपणांत मतभेद उरलेला नाही. परंतु शिक्षण म्हणजे खुर्चीवर बसण्याची पात्रता, हा समज मात्र अजून गेलेला नाही. त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी सन १७६२ मध्ये बांधविले. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तीवर आदळून दुभंगतो व देवालयाचे रक्षण होते. पाण्याचा जोर ओळखून दगड रचणाऱ्या त्या कारागिरांस बुद्धी नव्हती, असे कोण म्हणेल? मग आपल्या एखाद्या मुलाने थापी हाती धरली, तर 'डोके चालले नाही' असे आपण का म्हणावे?

तथापि, नुसत्या कसबावर आता भागत नाही. माझा एक माजी विद्यार्थी उत्तम गवंडी. परांचीवरून पडून तो सहा महिने अंथरुणास खिळला. त्याची कोठेही नोंद नव्हती. मदत कोणाकडे मागावी, हेच घरच्यांस कळेना. वास्तविक १९९६ च्या केंद्रीय कायद्यातून पुढे महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ उभे राहिले आहे. अठरा ते साठ वर्षे वयाच्या आणि मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या कामगारास तेथे नोंदणी करता येते. आपल्यापैकी कितीजणांनी ती केली आहे, हे प्रत्येकाने घरी जाऊन विचारावे.

शिक्षणाचीही सोय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व स्थापत्य आरेखक यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर नळ कारागीर व सुतार यांचे एक वर्षाचे आहेत. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. वडिलांच्या हाताखाली हात वळतो, हे खरे. परंतु ज्यास नकाशा वाचता येतो व खर्चाचा अंदाज मांडता येतो, तोच पुढे स्वतः काम अंगावर घेऊ शकतो. मुलींसही ही दारे खुली आहेत. ज्यांच्या आयांनी डोक्यावर घमेली वाहिली, त्या लेकींनी इमारतीचे नकाशे का काढू नयेत?

आपला ज्ञातिफंड पदवीच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देतो, हे उचितच आहे. माझी विनंती इतकीच की, दरवर्षी दोन शिष्यवृत्त्या ह्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास ह्याच व्यासपीठावर त्याच्या धंद्याची हत्यारे भेट द्यावीत. गवंड्यास ओळंबा, गुण्या व पाणसळ मिळावी. सुतारास रंधा व करवत.

आणखी एक गोष्ट फंडाबाहेरची आहे. स्थळ पाहताना 'मुलगा नळ कारागीर आहे' असे ऐकताच मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरतो. तो उतरेनासा होईल, तेव्हाच आपली मुले ह्या वर्गांत आनंदाने नावे घालतील. ते काम कोणत्याही सरकारचे नाही. ते आपले आहे.