प्रशिक्षणाचा एक दिवस : खर्च कोणाचा, परतावा कोणाला?

(एका जिल्ह्यातील शालेय कर्मचाऱ्यांच्या एकदिवसीय प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘शिक्षणाचे अर्थशास्त्र’ असा छापला आहे. विषय मोठा आणि वेळ पाऊण तासाचा. म्हणून मी तो आजच्या दिवसापुरताच मर्यादित करणार आहे. आपण सर्वजण आज या सभागृहात जमलो, त्यासाठी नेमका किती खर्च झाला, तो कोणी सोसला आणि त्याचा परतावा कोणाला मिळावयाचा, एवढ्याच प्रश्नाचा मी विचार करीन.

प्रथम खर्चाकडे पाहू. संयोजकांच्या हिशेबात सभागृह, चहा-जेवण, प्रवासभत्ता, छापील साहित्य आणि साधनव्यक्तींचे मानधन या बाबी येतील. संधीखर्च मात्र या हिशेबात कोठेच दिसणार नाही. एखादी गोष्ट मिळविताना जे सोडून द्यावे लागते, त्याचे मूल्य म्हणजे संधीखर्च. आज शाळेचा दिवस आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापनाचे तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास बंधनकारक आहेत. म्हणजे प्राथमिक शाळेतील मुलाच्या दृष्टीने एक दिवस हा वर्षाचा अर्धा टक्का होय. आकडा लहान वाटेल. परंतु दोनशिक्षकी शाळेतील एक गुरुजी येथे आले असतील, तर दुसरे गुरुजी या क्षणी चार-पाच इयत्ता एकत्र बसवून सांभाळीत असतील, आणि एकशिक्षकी शाळेला तर आज कुलूपच असेल.

यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशातील शालेय शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या वर गेली. ही समाधानाची बाब आहे. पण त्याच माहितीत सुमारे १ लाख ४ हजार शाळा एकशिक्षकी असून त्यांत सुमारे ३३ लाख ७६ हजार मुले शिकत असल्याची नोंद आहे. सरासरी काढली तर दर शाळेत ३२ मुले. या सर्व शिक्षकांना शाळेच्या दिवशी केवळ एका दिवसासाठी प्रशिक्षणाला बोलावले, तरी पावणेचौतीस लाख मुलांचा एकेक दिवस खर्ची पडतो. त्यांच्यापैकी एकालाही आपण विचारलेले नसते. केरळमध्ये शिक्षकांची प्रशिक्षणे प्रामुख्याने उन्हाळी सुटीत घेण्याची पद्धत आहे. तेथे किंमत शिक्षकाच्या सुटीतून दिली जाते, मुलाच्या दिवसातून नव्हे. ती पद्धत सर्वत्र जशीच्या तशी लागू करावी, असा माझा आग्रह नाही. शिक्षकालाही घर असते. मात्र किंमत कोणी तरी देतच असतो, एवढे भान असावे.

असे असेल तर प्रशिक्षण घ्यावेच कशाला? यावर आपल्या देशात फार पूर्वीपासून विचार झाला आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने गट व समूह साधन केंद्रांची रचना दिली आणि सर्व शिक्षा अभियानात सेवेतील शिक्षकाला वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाचा निकष आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या कार्यक्रमाचे लक्ष्य सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांचे होते. करोनाच्या साथीमुळे तो २०२० मध्ये ‘दीक्षा’ या मंचावर न्यावा लागला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. परीक्षेच्या दृष्टीने हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. माझ्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट अधिक बोलकी आहे : आपण प्रशिक्षण सातत्याने दिवसांत आणि तासांत मोजत आलो.

दिवस मोजणे सोपे असते. हजेरीपत्रकावर सही झाली की दिवस भरला. मी इतरांकडे बोट दाखवीत नाही. विद्यापीठीय शिक्षकांसाठीही उजळणी वर्ग असतात आणि पदोन्नतीसाठी त्यांचे प्रमाणपत्र लागते. मी असे वर्ग केले आहेत. एका वर्गात शेवटच्या बाकावर बसून तीन आठवडे उत्तरपत्रिका तपासल्या, हेही कबूल करतो. प्रमाणपत्र मिळाले, माझ्या विद्यार्थ्यांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. ज्या गोष्टीचे मोजमाप होते आणि जिला मोबदला जोडलेला असतो, तीच गोष्ट माणूस करतो. तेथे मोजमाप उपस्थितीचे होते आणि मी उपस्थित राहिलो.

प्रशिक्षणाने प्रत्यक्ष वर्गात काय बदलते, याचा शास्त्रशुद्ध शोध आपल्या देशात घेतला गेला आहे. ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत अशी : मुलांना इयत्तेनुसार न बसविता, ती जेवढे वाचू शकतात त्या पातळीनुसार त्यांचे गट करावयाचे आणि तेथून पुढे न्यावयाचे. या पद्धतीची परीक्षा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक राज्यांत केली. बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे आपणांस ठाऊक आहेच.

बिहारमध्ये २००८ च्या जून महिन्यात सरकारी शाळांतील शिक्षकांनी प्रशिक्षण घेऊन उन्हाळी शिबिरे चालविली. मुलांचे वाचन सुधारले. पुढे शाळा सुरू झाल्या. प्रशिक्षण आणि साहित्य दोन्ही हाती असलेल्या शिक्षकांच्या शाळांत वर्षभरात मात्र काही फरक आढळला नाही. शिक्षक तसेच, कौशल्यही तेच. शिबिरात जे जमले ते शाळेत का जमू नये? कारण शाळेत वेळापत्रक होते, पाठ्यपुस्तक संपविण्याची घाई होती आणि नव्या पद्धतीसाठी दिवसातील एकही तास राखून ठेवलेला नव्हता. प्रशिक्षण वाया गेले असे मी म्हणणार नाही. शिबिराने ते उपयोगी असल्याचे सिद्धच केले होते. त्याला शाळेत जागा मिळाली नाही, एवढेच.

हरियाणात २०१२-१३ मध्ये रचना बदलण्यात आली. शाळेच्या दिवसातील एक तास या कामासाठी स्वतंत्र ठेवला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गट पातळीवरील समन्वयकांना आधी प्रशिक्षण देऊन सुमारे पंधरा ते वीस दिवस त्यांनी स्वतः मुलांना त्या पद्धतीने शिकवावे, अशी अट घातली गेली. त्यानंतरच त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि वर्षभर शाळांना भेटी देऊन मदत केली. येथे हिंदी वाचनात स्पष्ट सुधारणा दिसून आली. याच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही अशीच परीक्षा झाली. त्यासाठीही शिक्षकांना प्रशिक्षण दिले होते, नोंदींचे तक्तेही पुरविले होते. मुलांच्या संपादणुकीत मात्र त्याने फरक पडला नाही.

केंद्रप्रमुखांनी या दाखल्यातील एका तपशिलाकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. समन्वयकाने आधी स्वतः वर्गात उभे राहून शिकविले. आपली नेहमीची रचना याच्या उलट असते. राज्य पातळीवर तज्ज्ञ सांगतात, ते जिल्ह्याचे साधनव्यक्ती ऐकतात, त्यांचे तालुक्याचे ऐकतात, त्यांचे केंद्राचे. पाट फुटला नाही तरी पाणी वाटेत जिरते आणि शेवटच्या शेताला ओल तेवढी मिळते. पाच दिवसांचा मूळ वर्ग खाली येईपर्यंत एका दिवसाचा होतो आणि त्यातील अर्धा दिवस उद्घाटनात जातो. (आजचे उद्घाटन वेळेत संपले, याबद्दल संयोजकांचे अभिनंदन.) शिवाय केंद्रप्रमुखांची पदे अनेक ठिकाणी दीर्घकाळ रिक्त राहतात, प्रभार एखाद्या शिक्षकाकडे जातो आणि जे पदावर आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठविण्यात सरतो. प्रशिक्षणावर आपण पैसा खर्च करतो. त्याचा पाठपुरावा करणाऱ्या माणसावर काटकसर करतो. विहीर खणावी आणि मोटेचा दोर घेऊ नये, असा हा प्रकार आहे.

आता या सभागृहात कोण आहे आणि कोण नाही, याकडे वळतो. शालेय कर्मचारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षकच येतो. पण शाळा लिपिक चालवितो, शिपाई चालवितो आणि दुपारी स्वयंपाकी भगिनी चालवितात. लिपिकांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि पहिली पडताळणी शाळेच्या पातळीवर होते. नावातील एक अक्षर आधार आणि बँक खात्याशी जुळले नाही, किंवा पडताळणीची मुदत टळली, तर परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या मुलीच्या हाती काही पडत नाही. तिची गुणवत्ता शिक्षकाने घडविली, तिचे पैसे मात्र लिपिकाच्या कौशल्यावर अवलंबून आहेत. त्या लिपिकाला एक दिवस संगणकापुढे बसवून हे काम नीट शिकविण्याचा खर्च आणि एका मुलीचे ४८,००० रुपये यांची तुलना आपणच करावी. प्रशिक्षणावरील गुंतवणुकीचा इतका उघड परतावा मला अन्यत्र क्वचितच दिसला आहे. तरीही लिपिकांसाठीचे वर्ग कमीच होतात.

स्वयंपाकी भगिनींविषयी बोलताना मला १६ जुलै २०१३ चा दिवस आठवतो. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नात कीटकनाशक मिसळले गेले होते. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावी, हा नियम त्या वेळीही अस्तित्वात होता. नियम कागदावर असणे आणि तो रोज दुपारी पाळला जाणे यांत जे अंतर असते, ते भरून काढण्याचे काम प्रशिक्षणाने करावयाचे असते. तेल कोठे ठेवावे, वास आला तर काय करावे आणि मुख्याध्यापकांनी ‘वाढा’ म्हटले तरी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार स्वयंपाकिणीला आहे की नाही, हे कोणी तरी तिला स्पष्टपणे सांगितले पाहिजे, आणि तेही मुख्याध्यापकांच्या समोर. देशात या कामावर सुमारे २५ लाख जणी व जण आहेत. त्यांच्या मानधनाचा केंद्राचा निकष २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये, वर्षातील दहा महिन्यांसाठी, असा ठरला आणि पुढे तो तसाच राहिला. अनेक राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. इतक्या अल्प मानधनावर काम करणाऱ्या बाईला एक दिवस बिनमोबदला प्रशिक्षणाला बोलावणे न्याय्य आहे का, याचाही विचार व्हावा. माझे मत विचाराल, तर तिला त्या दिवसाचा भत्ता मिळालाच पाहिजे.

अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य कामगाराबरोबर जाते, म्हणून त्याचा खर्च शेवटी कामगारच सोसतो. त्याच कारखान्यापुरते उपयोगी कौशल्य असेल, तर मालक खर्च उचलण्यास तयार होतो. सरकारी शाळेला ही मांडणी पुरी पडत नाही. येथे पैसे करदाता देतो, दिवस मूल देते, प्रमाणपत्र कर्मचाऱ्याला मिळते आणि खरा लाभ पुन्हा त्या मुलालाच व्हावयाचा असतो. तो झाला नाही तरी तक्रार करावयास मूल येत नाही. बाजारात ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. येथे एखादा पालक फार तर मुलाचे नाव काढून खासगी शाळेत घालतो आणि आपण त्याला पटसंख्येची घट म्हणतो.

जेवणानंतर केंद्रनिहाय गट बसणार आहेत. त्या गटांनी आज ऐकलेल्यापैकी एकच गोष्ट निवडावी, तिच्यासाठी शाळेच्या वेळापत्रकातील कोणता तास देणार ते लिहावे आणि केंद्रप्रमुख त्या तासाला शाळेत कोणत्या तारखेला येणार तेही लिहावे, अशी माझी विनंती आहे. तो कागद हजेरीपत्रकाबरोबर जोडता येईल. आणखी एक. स्वयंपाकी भगिनींचे सत्र मागच्या बाजूच्या खोलीत ठेवले असल्याचे सकाळी मला कळले. ते याच सभागृहात, मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत व्हावे, ही माझी सूचना शिक्षणाधिकारी महोदयांनी आताच मान्य केली आहे. पहिल्या दोन रांगा कृपया रिकाम्या कराव्यात.